खड्ड्यातलं खारं पाणी

"निवटा! राहीताई, लवकर ये, खड्ड्यात निवटा!"

ऋत्विक इतक्या जोरात ओरडला, की राहीच्या हातातला ब्रश घसरला आणि भिंतीवर रंगवलेल्या पान्याला शेपूट फुटलं! बाबांनी तिला कामच तसं दिलं होतं. प्रत्येक हत्याराची आकृती भिंतीवर रंगवायची, म्हणजे कुठलं हत्यार जागेवर नाही ते दारातूनच कळेल. ब्रश तिथेच टाकून ती खड्ड्याच्या काठाशी धावली.

हा खड्डा म्हणजे बाबांच्या वर्कशॉपचा जीव. वर गाडी उभी करायची, खाली माणसानं उतरायचं आणि गाडीचं पोट तपासायचं. वर्कशॉप घराला लागूनच होतं. पुढे शटर, मागे खाडीचा वारा यावा म्हणून दोन खिडक्या, वर इंजिन उचलायला साखळी आणि कप्पी, आणि बाबांच्या कमरेला येईल एवढ्या उंचीचं कामाचं टेबल. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या लोकांनी इथे यावं, बाबांबरोबर हात काळे करावेत, आपली गाडी आपण उभी केली म्हणून खूश होऊन जावं, असा बेत होता. त्याचा नकाशा राहीनं आणि बाबांनी मिळून अंगणात खडूनं काढला होता.

बाबा, म्हणजे दत्तात्रेय, न्हावा शेव्याहून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवायचे. एकदा गेले की महिना महिना त्यांचं तोंड दिसायचं नाही. वर्कशॉप चाललं तर ते घरी राहणार होते. नाही चाललं तर पुन्हा ट्रेलर. राहीच्या दृष्टीनं एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दिवसेंदिवस वाईट दिसायला लागलं होतं.

कारण हे पाणी! भर मे महिना. गावातल्या विहिरी आटलेल्या, नळ कोरडे, टँकर आला की हंड्यांवरून भांडणं. आणि बाबांच्या नव्याकोऱ्या खड्ड्यात मात्र गुडघाभर पाणी! पंप लावून उपसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पंपापाशी बसून बसून बाबा बोलेनासे झाले होते.

धर्माजीकाकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, चोर केव्हाच ठरवून टाकला होता. "त्यो कमलेश! त्याच्याच टाकीचं पानी झिरपतंय. दुसरं कोन करनार?" झालं! शेजारच्या कमलेशमामांशी बोलणं बंद. त्यांची ठमी राहीच्याच वर्गात होती. तिलाही इकडे यायला बंदी झाली. बंदी झाल्यापासून ती न चुकता रोज येत होती, फक्त दारातून न येता खिडकीतून.

आत्ताही तिनं खिडकीतूनच उडी टाकली. "कुठाय निवटा?"

पंपानं बरंचसं पाणी उपसलं होतं. खड्ड्याच्या तळाशी बोटभर लांबीचा, डोक्यावर डोळे असलेला, खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो मासा सिमेंटवर टुणटुणत होता.

"काय गं ठमे, तुमच्या टाकीत निवटे पाळलेत?" ऋत्विकनं विचारलं. हा धर्माजीकाकांचा मुलगा. वय अकरा, आणि तोंडाला कुलूप नाही.

"टाकीत नाही, तुझ्या डोक्यात पाळलेत! तिथं चिखल भरपूर आहे ना!"

राहीनं खाली उतरून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "थू! खारट!"

"असणारच! ही जमीनच जुन्या मिठागराची. सगळे तसंच म्हणतात."

"जमिनीतून पाणी झिरपेल रे. निवटा कसा झिरपेल?"

आता तिघांचीही नजर खड्ड्याच्या तळाशी असलेल्या पाइपकडे गेली. गाडी धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जावं म्हणून बाबांनी तो फरशीखालून टाकला होता. नाला पुढे खाडीला मिळत होता. पण खाडीचं पाणी नाल्यात उलटं यायचा सवालच नव्हता. बांधावर उघाडी होती ना! तिची लाकडी झडप अशी बसवलेली, की ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. गावाची शेती पिढ्यान्‌पिढ्या त्या झडपेच्या भरवशावर चालत आली होती. त्याच भरवशावर बाबांनी पाइप नाल्यात सोडला होता. गावातल्या कुणीही तेच केलं असतं.

"पाणी येतं कधी?" ठमीनं विचारलं.

"परवा न्याहारीच्या वेळी आलं. काल त्याच्या नंतर. आज त्याहून उशिरा," राही म्हणाली आणि एकदम थांबली.

"अगं, भरतीपण रोज अशीच थोडी थोडी उशिरा येते!" ठमी म्हणाली.

"उघाडी!" तिघंही एकदम ओरडली.

"दत्ताकाकांना सांगूया आत्ताच!" ऋत्विक उठला.

"आज नको! दुपारी परेशकाका जीप घेऊन यायचेत. पहिलं गिऱ्हाईक! आधी नक्की बघू, मग सांगू."

ओहोटी लागून नाल्यातलं पाणी ओसरायला लागलं होतं. नाल्याच्या कडेकडेनं तिघं निघाली. सगळीकडे खाडीचा काळाभोर चिखल. पण जिथे पाइपचं तोंड नाल्यात उघडत होतं, तिथे काळ्यात लालभडक पाणी मिसळत होतं. राही क्षणभर थांबली. इथे लाल काय आहे? पण ऋत्विक पुढून हाका मारत होता, म्हणून ती धावली.

उघाडीची झडप अर्धवट उघडी होती आणि तिच्या फटीत एक लाकडी ठोकळा ठोकून बसवलेला होता. ट्रेलर उभा केला की चाकाखाली लावतात तसा, पिवळ्या रंगाचा.

"हा तर आपल्या घरचा ठोकळा!" राही कुजबुजली.

"लपा! कोणीतरी येतंय!"

तिघं तिवरांच्या झुडपांमागे दडली. बांधावरून कोणी कमलेशमामा आले नाहीत. आले ते खांद्यावर जाळं टाकलेले धर्माजीकाका! गुणगुणतच ते नाल्यात उतरले, झडपेच्या तोंडाशी जाळं धरलं आणि मासा अडकताच खूश होऊन त्याच्याशी बोलायला लागले.

"ये बाबा, ये! दत्ताच्या पाव्हन्याला तूच पायजेस! जिताडा खाल्ला की मानूस कायमचा आपला!"

भरतीला जिताडा नाल्यात यावा आणि ओहोटीला जाळ्यात मिळावा, यासाठी काकांनी अख्ख्या गावाची उघाडी महिनाभर उघडी ठेवली होती. थोडंसं खाडीचं पाणी आत आलं तर काय बिघडतं, अशा हिशेबानं. भावाचा पाइप त्याच नाल्यात सुटतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका गेले. ऋत्विकचे डोळे भरून आले होते. ठमीला एवढी संधी मिळाली होती, पण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज घरात जिताड्याचं कालवण होत होतं," राही म्हणाली. "मी मागून मागून वाढून घेत होते. आपण वर्कशॉपच खात होतो रे!"

आणि मग तिला ते लाल पाणी आठवलं. लाल मुरूम! फरशीखाली भराव म्हणून बाबांनी ट्रकच्या ट्रक ओतलेला मुरूम! "ऋत्विक, पाइप फरशीखाली फुटलाय! भरतीला पाणी आत शिरतं आणि ओहोटीला मुरूम घेऊन बाहेर येतं!"

"मग आता फरशीखाली काय आहे?"

पण उत्तर शोधायला वेळ नव्हता. गावाकडून जीपचा हॉर्न वाजला होता. तिघं जिवाच्या आकांतानं पळत सुटली!

वर्कशॉपच्या शटरला झेंडूची माळ लागली होती. जुन्या हिरव्या जीपमध्ये परेशकाका बसले होते. बाबा नवा शर्ट घालून, हातात टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरायच्या तयारीत होते. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"बाबा, थांबा! जीप आत घेऊ नका! फरशीखाली काही नाहीये!"

"राही, पाहुण्यांसमोर हे काय? घरात जा."

"मुलांना गंमत वाटते हो," परेशकाका हसले आणि त्यांनी गिअर टाकला.

तेवढ्यात ऋत्विकनं जीपमध्ये हात घातला, चावी फिरवली, उपसली आणि धूम ठोकली! जीप आचका देऊन बंद पडली. "अरे! चावी! पकडा त्याला!" परेशकाका ओरडत खाली उतरले. ठमी त्यांच्या वाटेत अशी काही आडवी आली, की त्यांना धड पुढे जाता येईना.

राहीनं कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली. भिंतीपाशी घाव घातला. टण्! मग खड्ड्याच्या काठाशी घातला. बद्द!

बाबांचं हसू गेलं. राहीनं सगळं बळ एकवटून तिसरा घाव घातला, आणि पहार फरशीतून आरपार खाली गेली. नुसती गेली! तिच्या हातातून सुटून खाली कुठेतरी पाण्यात पडली.

बाबा गुडघ्यांवर बसले, त्या भोकात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. त्यांच्या हाताला काहीच लागलं नाही.

"दत्ताभाऊ, तुम्ही खाली असता आणि ही जीप वर..." परेशकाका जीपपासून दोन पावलं मागे सरले.

त्याच वेळी धर्माजीकाका हातात भलामोठा जिताडा मिरवत आत आले. "पाव्हनं, बगा काय आनलंय!"

"पप्पा," ऋत्विक शटरबाहेरूनच म्हणाला, "उघाडीतला ठोकळा काढलात का?"

काकांनी मुलाकडे पाहिलं, फरशीतल्या भोकाकडे पाहिलं, आणि मासा त्यांच्या हातातून खाली पडला. सगळं ऐकून झाल्यावर ते भिंतीला धरून खाली बसले. "कमलेशच्या नावानं मी शिव्या घालत बसलो. आनि चोर मीच व्हतो व्हय!"

नंतर ते स्वतः जाऊन ठोकळा काढून आले. कमलेशमामांच्या दारात हात जोडून उभे राहिले. मामांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला, आणि ठमीला दारातून यायची मुभा मिळाली. परेशकाकांनी राहीची पाठ थोपटली. "तुझ्या हिमतीनं आज एक जीव वाचला, बेटा. असं पोर घरात असावं लागतं!" ऋत्विकनं चावी परत दिली, तेव्हा त्यालाही शाबासकी मिळाली. मग परेशकाका बाबांना म्हणाले, "पुन्हा बांधलंत की कळवा." आणि जीप घेऊन गेले.

पुन्हा कुठलं बांधणार? गवंडीमामा येऊन बघून गेले. सगळी फरशी फोडायची, खड्डा फोडायचा, पुन्हा भराव घालायचा. भिंतींनाही तडे गेले होते. बाबांकडे होतं नव्हतं ते सगळं मुरूम होऊन खाडीत वाहून गेलं होतं. त्यांनी कप्पी उतरवली, साखळी गुंडाळली, शटर ओढलं. काकांना ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच काकांना जास्त लागलं.

सुट्टी संपायच्या आतच ट्रेलर दारात उभा राहिला. आईनं डबा आणि कपड्यांची पिशवी वर दिली.

"बाबा, मी गप्प बसले असते तर?" राहीनं विचारलं.

"तर मी त्या जीपखाली असतो, बाळा."

बाबांचं बरोबर होतं. राहीलाही ते कळत होतं, पण कळून काही बरं वाटत नव्हतं. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, वर चढले, आणि ट्रेलर वळणापलीकडे दिसेनासा झाला.

धर्माजीकाका त्या दिवशी घरोघर थांबून सांगत होते, "आमच्या राहीसारखी हुशार पोर सगळ्या तालुक्यात न्हाय!" लोक कौतुकानं तिच्याकडे बघत होते. राहीला ते कौतुक नको होतं. तिला बाबा हवे होते.