तिने न घेतलेलं 'हो'

ती गेल्याचा फोन हॉस्पिटलातून आला, तेव्हा मी एका कोटाला बाही लावत होतो. संध्याकाळपर्यंत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. गल्लीतला एकेक जण सांगत होता, ताई आमच्या दारात आल्या होत्या...

माझ्याही दारात ती तशीच आली होती. आमच्या जुन्या गल्लीला वारसा दर्जा मागायचं घाटत होतं. दर्जा मिळाला की घराच्या दर्शनी भागाला हात लावता येणार नव्हता. ती ज्या वारसा समितीचं काम करायची, त्या समितीला नुसता अर्ज करून मोकळं व्हायचं होतं. पण हिचा हेका, आधी प्रत्येक घराला विचारायचं.

मी शिंपी. दुकानात दिवसाही दिवा लागायचा. पुढची भिंत फोडून मोठी खिडकी करायचं मनात होतं, म्हणून सरळ नाही म्हटलं. तिने वाद घातला नाही. माझ्या जागेवर बसून सुईत दोरा ओवून पाहिला, जमला नाही, तेव्हा म्हणाली की दिव्यातही अंधारच आहे की.

नाही म्हणणाऱ्याकडे ती पुन्हा जायची. त्याला वळवायला नाही, त्याचं नीट ऐकून घ्यायला. मग ती येतच राहिली... कधी छत्री निथळत, कधी केस विस्कटलेले. मीही नकाराला दर वेळी नवं कारण शोधायचो. शेजारचा न्हावी म्हणाला, कारणं संपली असतील तर माझी गुडघेदुखी घे.

शेवटी वाटलं, हिला किती हेलपाटे घालायला लावायचे?

"लिहा," म्हटलं. "माझं हो."

ती बघत राहिली. "खिडकी नको?"

"नको."

"मग हे हो मी घेत नाही. मला बरं वाटावं म्हणून दिलंय तुम्ही."

"म्हणजे हो म्हटलं तरी पंचाईत."

ती हसली. मग कानाची पाळी चोळत म्हणाली, "विचारायचं काही नसलं... तरी आले तर चालेल?"

मी कात्री खाली ठेवली. "त्याला माझं हो आहे. पहिल्या दिवसापासून."

त्या वर्षी गल्लीने नाहीच म्हटलं. तिने समितीला तसंच कळवलं, आणि माझी भिंत फोडली तेव्हा पदर खोचून विटा उचलू लागली. उजेड मिळाला, तीही मिळाली. माणसाला आणखी काय लागतं?

गेल्या वर्षी लोक आपणहून म्हणाले, खिडक्यांची मुभा ठेवून आता दर्जा मागू या. आपलं ऐकून घेतलं जातं, हे त्यांना तिच्यामुळे कळलं होतं. ती पुन्हा दारोदार निघाली, आणि दुखण्याने मध्येच गाठलं.

परवा न्हावी म्हणाला, उरलेल्यांचं हो धरून चालू, अर्ज करून टाकू. मी नको म्हटलं. कोपऱ्यावरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं आहे. त्यांना अजून कोणी विचारलेलं नाही.