बापभवन

टीव्ही बंद केला की पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा, मग मोहरीएवढा, मग नुसता असल्यासारखा. असं का होतं ते पंचशीलेला ठाऊक होतं. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. पडद्यामागच्या नळीत थोडी वीज उरते, ती संपेपर्यंत ठिपका दिसतो, इतकंच. पण तिची आई नागुबाई बाजेवर पडल्या पडल्या तो ठिपका पुरता विझेपर्यंत बघत राहायची आणि मगच डोळे मिटायची. म्हणून पंचशीला सेटवर लगेच कापड टाकत नसे.

नागुबाईच्या अंगावरून वारं गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली; मानेनं हो-नाही सांगणंही उरलं नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, "शब्द आत आहेत, बाई. बाहेर यायची वाट बंद झालीय." आईचा दिवस सरावा म्हणून पंचशीलेनं टीव्ही घेतला. लोहा गावाच्या अलीकडच्या त्या वस्तीतला तो पहिलाच.

वारं जायच्या आधी थोडेच दिवस तिनं आईला एक विचारलं होतं. लातूर जिल्हा नवा झालेला, तिथं नव्या शाळा निघत होत्या, एकीत तिला जागा मिळत होती. "आई, माझ्यासोबत लातूरला येशील?" भाकरी थापता थापता नागुबाई म्हणाली होती, "सांगते." ते सांगणं राहून गेलं.

नागुबाईला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न न विचारता झालं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला या कामावरून त्या कामावर नेलं, तेही न विचारता. आता बोलता येत नाही म्हणून तिला गाठोड्यासारखं उचलून न्यायचं, हे पंचशीलेच्यानं होईना. आईचं उत्तर आल्याशिवाय जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आणि उत्तर येणार नाही हेही तिला कळत होतं.

यंदा तर विहिरीचा तळ दिसत होता. शाळेत प्यायला पाणी नाही म्हणून परीक्षा लवकर उरकून मुलांना सुट्टी दिली होती. टँकर येईल तेव्हा येई. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाणी लागतं, आणि नागुबाईच्या पाठीला आता जखमा होऊ लागल्या होत्या. लातूरच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका जगदेवीबाईंचा निरोप आला होता: खोली हातपंपाजवळ आहे, आईला घेऊनच या, जागा अजून रिकामी आहे, मंगळवारपर्यंत धरून ठेवते.

आज सोमवार होता.

शेजारची सरजाबाई सकाळीच उंबऱ्यात येऊन बसली. "काय करून राहिली गं, मास्तरीणबाई? अजून बोचकं बांधलं न्हाई?"

"आईनं हो म्हटलं नाही अजून."

"आता ती कवा म्हनती? उचलायची न् जीपमधी घालायची. तिला काय कळतंय?"

"कळतं," पंचशीला म्हणाली आणि टीव्ही लावला.

शाळांसाठीचा कार्यक्रम चालू होता. चष्मा लावलेल्या एक बाई फळ्यावर समुद्र, ढग आणि बाण काढून जलचक्र समजावत होत्या. भाषा अगदी स्वच्छ, पुण्याची. त्या म्हणाल्या, "उन्हानं पाणी तापतं, आणि मग पाणी बापभवनाला जातं."

पंचशीला पाठीची पट्टी कापत होती. तिची कात्री थांबली.

लहानपणी चिमणीच्या उजेडात ती धडा घोकायची तेव्हा नागुबाईनं 'बाष्पीभवन' हा शब्द असाच ऐकला होता. "बापभवन म्हंजी बापाचं घर की गं. पान्याला बी माहेर असतंय व्हय?" पंचशीलेनं दोनतीनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. पुढं घरात तोच शब्द झाला. नागुबाई माहेरी निघाली की म्हणायची, "बापभवनाला जाऊन येते." हा शब्द या दोघींच्या बाहेर कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

ऐकण्यात चूक झाली असेल. कान ओळखीचं तेच ऐकतात, हे ती वर्गात शिकवायची.

दुपारी महिलांसाठी कार्यक्रम लागला. रेशमी साडीतल्या बाई थालीपीठ करत होत्या. पीठ परातीत घेता घेता त्या म्हणाल्या, "चाळू न्हाई. कोंडा पोटात जाऊ द्यावा."

सरजाबाई हसली. "आता टीव्हीवाल्या बी आपल्यावानी बोलू लागल्या की."

म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

पंचशीला आईकडे वळली. नागुबाईची नजर पडद्यावर होती. पाठीला पट्टी लावायची म्हणून पंचशीलेनं तिला भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळवलं. तेवढा वेळ पडद्यावरच्या बाई मापानं, पुस्तकी बोलत राहिल्या. पुन्हा उताणं केलं, तोंड सेटकडे केलं. नागुबाईच्या ओठाचा डावा कोपरा हलला. त्याच्यानंतर, क्षणभरानं, बाई म्हणाल्या, "तव्यावर पानी शिपड, बाय."

आधी ओठ, मग आवाज. पंचशीलेनं पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. क्रम बदलला नाही.

टँकर आल्याची ओरड झाली तशी सरजाबाई दोघींच्या घागरी घेऊन पळाली. पंचशीला जाग्यावरून हलली नाही.

हॉकीचा सामना सुरू झाला होता. समालोचक हिंदीत भरभर बोलत होता, मागं प्रेक्षकांचा गलका. पंचशीलेनं साधंच काहीतरी विचारायचं ठरवलं. प्रयोग साध्यापासून सुरू करावा.

"आई, माझ्या हातच्या कण्यांना मीठ बरोबर असतं का?"

ओठाचा कोपरा हलला.

"गेंद अब बाएँ छोर पर," समालोचक म्हणाला, "और वहाँ से, खारट करतीस, और वहाँ से सीधा पास."

पंचशीलेला हसू आलं. हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. वर्षभर ती त्याच खारट कण्या भरवत होती आणि आई मुकाट्यानं गिळत होती. भीती वाटायला हवी होती. ती कुठंतरी मागं उभी होतीही. पण भुकेल्याच्या पुढ्यात ताट यावं तसं तिला झालं होतं. ती विचारत राहिली. जखमा ठणकतात का? रात्री झोप लागते का? सरजाबाईचा राग येतो का? बावीस खेळाडू आणि सारं मैदान एकामागून एक उत्तरं देत होतं. मध्येच गोल झाला, लोक उठून ओरडले, आणि त्या ओरड्यातून समालोचकाचा आवाज आला, "लई केलंस गं माझं, पंची."

तिला पंची म्हणणारं जगात एकच माणूस होतं. तिनं आईचा गार पडलेला उजवा हात कपाळाला लावला आणि तशीच बसून राहिली.

खरं विचारायचं ते मात्र ओठांवर येईना. उत्तर "नको" असं असलं तर? "हितंच मरू दे" असं आलं तर?

उन्हं कलली तेव्हा शेतीचा कार्यक्रम लागला. केळीच्या हिरव्यागार बागेत एक म्हातारा शेतकरी उभा होता, पायाशी पाटाचं पाणी वाहत होतं. नागुबाई त्या पाण्याकडे बघत होती.

पंचशीला बाजेवर बसली.

"आई," ती म्हणाली, "मागं विचारलं होतं. तू सांगते म्हणाली होतीस. लातूरला चलायचं का?"

शेतकऱ्यानं मान वर केली.

तेवढ्यात वीज गेली.

पडदा काळा झाला, मधला ठिपकाही विझला. पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर टँकरचा आवाजही नव्हता. घरात बोलू शकेल असं काहीच उरलं नव्हतं.

नागुबाईनं पडद्यावरची नजर काढली. सावकाश, मुलीकडे आणली.

तिच्या ओठाचा डावा कोपरा हलला.

पंचशीला वाट बघत होती. तिची जीभ टाळूला लागली, ती तिनं लावली नव्हती. छातीत श्वास भरला, तो तिनं घेतला नव्हता.

आवाज तिचाच होता. नांदेडला कॉलेजात मुली हसल्या तेव्हापासून जे गावचं बोलणं तिनं टाकलं होतं, ते तिच्याच तोंडातून, अगदी ठामपणे बाहेर पडलं.

"हाव. येते गं, पंची, लातूरला."