निवडलेली टोपली

ओल्या पायऱ्यांवर तिच्या हातातली मापाची फळी निसटली, घसरत खाली गेली आणि मासळीचा लिलाव पुकारणाऱ्याच्या पायाशी थांबली. त्याने शांतपणे फळीवर पाऊल ठेवलं.

"सव्वीस सेंटिमीटर. लिहून घ्या."

"नाकापासून शेपटीपर्यंत मोजतात," ती म्हणाली. "पायाला नाक कुठाय?"

त्या दिवसापासून धक्क्यावर तिचं नाव पडलं मोजणीबाई. इथल्या उबदार पाण्यातल्या माशांचं वय सहजी कळत नाही, म्हणून ती लांबी मोजायची. रोज एक टोपली, शंभर मासे. त्यावरून समुद्रात किती उरलेत, याचं गणित मांडायचं. टोपली तोच आणून द्यायचा. आणि मोजून झालं तरी... तिचं काहीतरी मोजायचं राहिलेलंच असायचं.

चार महिन्यांनी गणित म्हणालं, मोठे मासे भरपूर आहेत, आणखी जाळी टाकायला हरकत नाही. सोमवारी अहवाल जाणार होता, आणि तीही.

ती निरोप घ्यायला गेली, तर मासळी विकणाऱ्या त्याच्या आत्याने तोंड सोडलं. "बरं झालं बाई, जातेस ते. मोठे मोठे मासे तुझ्या टोपलीत आणि बोटभर पिल्लं माझ्या गळ्यात. भाचा आहे की वैरी?"

तासाभराने ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही निवडून देत होतात?"

दोर गुंडाळणारे त्याचे हात थांबले. "पहिल्या दिवशी एक मोठा निघाला, तेव्हा तुम्ही हसलात. मग... सवयच लागली."

"माझ्या हसण्यापायी जाळी वाढली असती. दोन वर्षांत लिलाव पुकारायला काही उरलं नसतं."

त्याने दोर खाली ठेवला. मग हळूच, "आता?"

"ऑफिसातल्या सरांना फोनवर सगळं सांगितलं. चार महिने पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं." ती अडखळली. "म्हणजे मी... राहतेय."

त्याला हसू आवरेना.

"हसू नका. यापुढे डोळे मिटायचे. हाताला लागेल ती टोपली."

त्याने डोळे मिटले. हात टोपल्यांवरून चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर थांबला. तिला बाजूला होता आलं असतं.

"ही लागली."

"फटीतून बघत होतात."

"थोडंसं."

"मग निवडलेलीच झाली. गणितात चालणार नाही."

"आणि गणिताबाहेर?"

तिने मनगट सोडवलं नाही. दुसऱ्या हाताने जवळची टोपली ओढली, पहिला मासा फळीवर ठेवला. जेमतेम बोटभर होता.

तरी ती हसली.