लार्टरबाईंकडची किल्ली

नॉरफोकच्या किनाऱ्यावरची जुनी चर्चं बघत हिंडायचा नाद मुळात गिलियनचा. रॉय गेज नुसता सारथी. ती आत शिरून बाकांच्या टोकांवर कोरलेले प्राणी आणि फरशीतल्या थडग्यांवरची झिजलेली नावं न्याहाळत बसायची, आणि रॉय दाराशी थर्मासमधला चहा पीत उभा असायचा. निघताना तो दार धरून ठेवायचा. ती आतूनच "आले, आले" म्हणायची आणि यायची मात्र नाही. इतक्या वर्षांच्या संसारात रॉयचा निम्मा वेळ दारं धरण्यातच गेला असेल.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. थॉर्नमार्शचं चर्च तेवढं बघायचं राहून गेलं. तेवढं एक उरकतो आणि नकाशा कपाटात ठेवून देतो, असं लेकीला फोनवर सांगून नोव्हेंबरातल्या एका दुपारी रॉय निघाला. खरी गोष्ट अशी होती की त्याला घर खायला उठत होतं. ती परत यावी, घटकाभर का होईना, कशीही यावी, असं त्याला रोज वाटे. पण शहाण्यासुरत्या माणसाने असलं काही बोलायचं नसतं, म्हणून तो ते कुणापाशी बोलत नसे.

थॉर्नमार्शचं चर्च गावाबाहेर, खाजणाच्या कडेला आहे. त्याला कुलूप असतं आणि किल्ली वाटेवरच्या शेवटच्या घरात, लार्टरबाईंकडे. बाईंनी दार उघडलं आणि रॉयला बुटांपासून टोपीपर्यंत बघून घेतलं.

"एवढ्या गारठ्यात चर्च बघायला? घरी कुणी अडवलं नाही वाटतं."

"घरी कुणी नाही," रॉय म्हणाला.

बाई जराशा वरमल्या. खुंटीवरची किल्ली त्यांनी काढून दिली. तिला विटेएवढा लाकडी ठोकळा बांधलेला होता.

"मागे एक शहाणा ती खिशात घालून थेट लंडनला गेला, म्हणून हे लोढणं. आणि हे बघा, आत दिवे नाहीत. अंधारून यायच्या आत निघा. झटकन बाहेर यायचं, दार ओढायचं, कुलूप लावायचं. उंबऱ्यावर रेंगाळायचं नाही."

"आत वारं शिरतं?"

"वारं शिरलं तर शिरू दे की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ओहोटी लागलेली होती. खाजणातून चिखलाचा आंबूस, खारा वास येत होता. चर्चच्या आत वेगळाच वास होता, ओलसर चुन्याचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा. थोडासा भिजलेल्या लोकरीचाही, जणू कुणीतरी ओला कोट तिथे वाळत घातला होता. रॉयने टोपी काढली. गिलियन करायची तसा तो प्रत्येक बाकापाशी थांबला. उत्तरेच्या भिंतीवर एक साधा दगड होता, अक्षरं खोल कोरलेली. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले, नावं ठाऊक नसलेले खलाशी इथे पुरले आहेत, एवढंच त्यावर होतं. रॉयने तो मोठ्याने वाचला. ती असती तर तिने तसाच वाचला असता.

खिडक्यांच्या काचा काळवंडल्या, तसा तो निघाला. जड दार उघडून तो उंबऱ्याबाहेर आला आणि एका तळव्याने दार धरून उभा राहिला. डोक्यावरून रानहंसांचे थवेच्या थवे कलकलत खाजणात उतरत होते. तो ते बघत होता. आपण कुणासाठी थांबलो आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा त्याच्या मनगटाला एक ओली बाही घासून गेली.

"थँक यू..." कुणीतरी म्हणालं. आवाज फार हलका, नुसत्या श्वासातला.

"असू दे गं," रॉयच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मग तो हलला नाही. डोळे मिटून, दार तसंच धरून उभा राहिला. हाताला गार झुळूक लागत होती. थांबत होती आणि पुन्हा लागत होती. हंस खाली बसून गप्प झाले, तेव्हा त्याने दार ओढलं.

लार्टरबाई कंदील घेऊन फाटकातच उभ्या होत्या.

"कुलूप लावलंत?"

"लावलं."

"झटकन निघालात ना?"

"दार... जरा धरलं होतं. बायको नेहमी मागे राहायची. हाताला सवय झालीय."

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला नाही. त्या रॉयच्या खांद्यावरून त्याच्या गाडीकडे बघत होत्या.

"किती वेळ धरलंत?"

"कुणास ठाऊक..."

"कुणी काही बोललं?"

"थँक यू म्हणाली. माझी बायको आहे ती."

"अहो बाबा, तिला कुठे पुरलंय?"

गिलियन नॉरिचला होती, तिच्या आईशेजारी.

"माझा नवरा त्या चर्चच्या आवारातच पुरलाय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वाटत नाही का मला? पण मी त्याच्यासाठी कधी दार धरलं नाही. अजून उजेड आहे थोडा. परत जा, आत जाऊन बसा, आणि मग एकटेच या. हवं तर मी येते सोबत."

"उशीर होतोय," रॉय म्हणाला. "लेक वाट बघत असेल." लेक लीड्सला होती आणि कसलीच वाट बघत नव्हती. त्याने किल्ली बाईंच्या हातात ठेवली, त्यांचे मनापासून आभार मानले आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी सुरू केली तसं टुंग-टुंग वाजायला लागलं. शेजारच्या माणसाने पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा लाल दिवा समोर लागला होता. शेजारची सीट रिकामी होती. तिच्या कापडावर ओल पसरत होती. रॉयने हात लांबवून पट्टा ओढला आणि सांभाळून खटक्यात बसवला. आवाज थांबला. त्याला रडू फुटलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

"गार लागतंय का?" त्याने विचारलं आणि हीटर वाढवला.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी शेतं सुरू झाली, आणि टुंग-टुंग पुन्हा वाजायला लागलं. रॉयने शेजारी पाहिलं. पट्टा जागच्या जागी होता. मग त्याने समोर पाहिलं. या खेपेला दिवा मागच्या सीटचा होता. तो बघत असतानाच त्या दिव्याशेजारचा दुसरा लागला, आणि मग तिसरा.

त्याने आरशात पाहिलं नाही.

"गिलियन," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे कोण गं...?"

शेजारच्या सीटवर कुणीतरी घसा खाकरला. खाकरणं बाईमाणसाचं नव्हतं. घर अजून तासाभराच्या वाटेवर होतं.