बहिऱ्या खाडीतली टकटक

दगड मुठीत मावेल एवढाच होता. त्याची एक बाजू काळपट, शेवाळाने निसरडी. दुसरी बाजू मात्र साखरेसारखी पांढरी. त्या पांढऱ्या बाजूत एक लांबट पोकळी होती. करंगळी नेमकी बसेल एवढी, आणि आतून इतकी गुळगुळीत की तोन्काने तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

“तोन्का! बोट धुतेयस की दगड?” धक्क्यावरून निक्शा ओरडला. त्याच्या हातात पाण्याचा पाइप होता आणि अर्ध्याहून जास्त पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘सिपा’ ही बोट धुण्याचं काम या तिघांकडे असे. तोन्का तेरा वर्षांची. बोट तिच्या मामाची, लुकशाची. निक्शा तिच्या वर्गातला. आणि विन्का ही निक्शाची आठ वर्षांची बहीण. तिला होडीत बसलं की मळमळायचं, पण घरी ठेवलं तर ती त्याहून मोठा गोंधळ घालायची.

“हा तळाच्या फळ्यांखाली सापडला,” तोन्का म्हणाली.

“अख्खं बेट दगडाचं आहे आपलं. तुला त्यातला एक सापडला. अभिनंदन!”

“ही पांढरी बाजू बघ. समुद्रातला दगड थोड्याच दिवसांत शेवाळतो. म्हणजे हा नुकताच फुटलाय. आणि हे भोक बघ.”

“सुताराने पाडलं असेल,” विन्का म्हणाली.

“खजूरशिंपल्याने,” तोन्का म्हणाली, आणि निक्शाच्या हातातला पाइप खाली आला.

खजूरशिंपला म्हणजे काय ते बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रंगाने, आकाराने खजुरासारखा तो शिंपला चुनखडीचा दगड विरघळवत आत शिरतो आणि तिथेच राहतो. बोटभर वाढायला त्याला वीसएक वर्षं लागतात. त्याला बाहेर काढायचं तर दगड फोडण्याशिवाय उपाय नाही, आणि फुटलेला कडा मग वर्षानुवर्षं उघडाबोडका राहतो. मासे फिरकत नाहीत, काही उगवत नाही. म्हणून तो काढायला बंदी, विकायला बंदी, खायलासुद्धा बंदी.

“बोटीवर सापडला तर?” विन्काने विचारलं.

“दंड. परवाना जातो. बोटही जाऊ शकते.”

तेवढ्यात मामा कॉफीचा पेला घेऊन आला. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने तोन्काच्या हातातला दगड पाहिला, उचलला आणि पाण्यात फेकून दिला.

“कचरा जमवू नका बोटीवर,” तो म्हणाला.

एवढंच. पण म्हणताना त्याने भाचीकडे पाहिलं नाही. एरवी तिला समुद्रातलं काही सापडलं की मामाच आधी विचारायचा, “काय आहे गं? दाखव!”

दगड बुडाला तिथली वर्तुळं तोन्का बघत राहिली.

---

धक्क्यावरच्या झाडाखाली एक टेबल होतं. सफरीची नोंदणी तिथे व्हायची. पूर्ण बोट तुमची, सुकाणूवर लुकशा, छोट्या बेटांना वळसा, निळ्या गुहेपाशी पोहणं, वाटेत कुठेतरी भाजलेले तारली मासे, मावळतीला परत. सुट्टीत तोन्काच टेबलाशी बसायची.

दुपारी दोन लहान मुलांना घेऊन एक जोडपं आलं. उद्याची सफर हवी होती. तोन्का “हो” म्हणणार, इतक्यात मागून खणखणीत आवाज आला.

“उद्या सिपा रिकामी नाही हं, पोरी!”

पाश्को! खाणावळीचा मालक, गोल पोट, पांढरीशुभ्र टोपी. “माझे ते दोन पाहुणे उद्या पुन्हा सफरीला जाणार आहेत. नेहमीसारखंच. जेवणानंतर निघायचं, बहिऱ्या खाडीत जायचं, संध्याकाळी परत.”

“पण हे आधी आलेत, पाश्कोकाका.”

“आधी कोण आणि नंतर कोण ते तुझा मामा ठरवेल. काय रे लुकशा?”

मामाने जाळ्यातली गाठ सोडवता सोडवता मान हलवली. कोणत्या बाजूला, ते नीट कळलंही नाही. पण जोडपं काय ते समजलं आणि निघून गेलं.

“मामा!”

“पाश्को माझ्या लग्नात साक्षीदार होता,” मामा म्हणाला. बेटावर हे एक वाक्य पुरेसं होतं. लग्नातला साक्षीदार म्हणजे सख्ख्या भावाच्या वर. त्याला नाही म्हणणारा माणूस बेटावर अजून जन्मलेला नव्हता.

तोन्काची आई सगळा उन्हाळा मामाच्या मागे लागली होती. “दादा, पाश्कोची माणसं नेणं बंद कर. स्वतःची गिऱ्हाइकं स्वतः घे.” मामाचं उत्तर ठरलेलं असे. “बघू.”

संध्याकाळी तिघं बंधाऱ्यावर बसून अंजिरं खात होती. निक्शा म्हणाला, “मला सांग, बहिऱ्या खाडीत आहे काय? वाळू नाही, गुहा नाही, खायला काही नाही. नुसते कडे! पूर्ण बोटीचं भाडं भरून कोण जातं तिथे?”

“ते पाहुणे फोटो काढतो म्हणतात, पाण्याखाली,” तोन्का म्हणाली.

“आणि त्यांची ती थंड पेयांची पेटी,” विन्का मध्येच म्हणाली. “जाताना तो टकल्या एकटाच उचलतो. येताना दोघं मिळून उचलतात.”

दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

“काय? मी तर बसूनच असते धक्क्यावर. मला दिसतं.”

“पेयं प्यायल्यावर पेटी हलकी व्हायला हवी,” निक्शा सावकाश म्हणाला. “ही जड होते!”

“म्हणजे ते चोर आहेत!” विन्का ओरडली.

“हळू! ते चोर आहेतच,” तोन्का म्हणाली. “मला कळत नाहीये ते वेगळंच. मामाला माहीत आहे का?”

निक्शाने अंजिराचा देठ पाण्यात भिरकावला.

---

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बेट झोपलं. या वेळेला कोणी कोणाचं दार वाजवत नाही, कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि मुलं कुठे आहेत हेही कोणी विचारत नाही. चोरांना हीच वेळ बरी वाटली होती. मुलांनाही तीच सोयीची पडली.

निक्शाच्या आजोबांच्या होडीला इंजिन नव्हतं, ते आज बरंच झालं. आळीपाळीने वल्ही मारत ती बेटाच्या टोकाला वळसा घालून बहिऱ्या खाडीच्या तोंडाशी पोहोचली आणि एका खडकाआड थांबली. तिन्ही बाजूंना उंच कडे. आतला आवाज बाहेर येत नाही, म्हणून ती बहिरी. समोर सिपा नांगर टाकून उभी होती. तिच्यावर कोणी दिसत नव्हतं.

“काहीच ऐकू येत नाही,” निक्शा कुजबुजला. “खरंच फोटो काढत असतील तर? आपलीच फजिती!”

विन्का होडीच्या तळाशी आडवी पडली होती. तिचा चेहरा हिरवट झाला होता.

“कोणीतरी दार वाजवतंय,” ती कण्हली.

“समुद्रात दार कुठलं? डोळे मीट.”

“मिटलेलेच आहेत. तरी वाजतंय!”

तोन्का खाली वाकली आणि तिने फळीला कान लावला. टक्. टक्-टक्. टक्. स्वच्छ, कोरडा आवाज, लोखंडाने दगडावर मारल्यासारखा!

“निक्शा, कान लाव!”

“आयला! मग वर का नाही ऐकू येत?”

“पाण्यातला आवाज पाण्यातच लांब जातो. वर हवेत जेमतेम येतो. पण होडीचं लाकूड पाण्याला टेकलेलं आहे ना...”

बोलता बोलता ती थांबली. तिचं लक्ष सिपाकडे गेलं होतं. मामा दुपारी बोटीच्या टोकाखालच्या छोट्या कोठडीत झोपायचा. फळीवर पातळशी गादी आणि गादीवर डोकं. फळीच्या पलीकडे पाणी.

“काय झालं?” निक्शाने विचारलं.

“त्याला ऐकू येतच असणार,” ती म्हणाली. “दर खेपेला.”

मग निक्शा म्हणाला, “चल, परत जाऊ. तुझ्या आईला सांगू. ती पोलिसांना सांगेल.”

“मग मामाही पकडला जाईल. आणि बोट जाईल.” तोन्काने पाण्यात घालायचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “आपण काही सांगायचं नाही. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. मग तो काय करतो ते मला बघायचंय.”

ती पाण्यात उतरली. पाणी काचेसारखं होतं. कड्याखाली दोन माणसं हातोडी-छिन्नी घेऊन तिच्याकडे पाठ करून काम करत होती. त्यांच्या भोवती राखाडी दगडावर पांढरे चट्टे होते, दात उपटलेल्या हिरड्यांसारखे. एक, त्याच्या शेजारी दुसरा, मग कड्याच्या वळणापर्यंत तेच. एकही मासा नव्हता!

सिपाच्या शिडीला लोखंडी आकड्याने एक जाळीची पिशवी टांगली होती. आत तपकिरी शिंपले खच्चून भरले होते. तोन्काने आकडा सोडवला. पाण्यात पिशवी बरीच हलकी वाटत होती. ती ओढत ओढत तिने बोटीखालून पुढच्या टोकापर्यंत नेली आणि आकडा नांगराच्या साखळीत अडकवला, पाण्याच्या बराच खाली.

वर आली तेव्हा तिचे कान दुखत होते. तिने निक्शाला हात केला.

“लुकशामामा!” निक्शाने जी काही बोंब ठोकली, ती बहिऱ्या खाडीलाही ऐकू गेली असेल. “विन्काला उलटी होतेय! आम्हाला वर घ्या!”

मामा कोठडीतून लगेच बाहेर आला. फारच लगेच. त्याच्या डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता.

“तुम्ही इथे? एकटे? तुमच्या आया मला उभा चिरतील!”

“आधी विन्काला घ्या!”

विन्का वर चढली आणि थेट थंड पेयांच्या पेटीवर जाऊन बसली. मागोमाग निक्शा आणि तोन्काही वर आली. ते दोघं पाहुणे पाण्यातून वर आले तेव्हा ती पोट धरून डोलत होती. दोघांचे हात रिकामे होते.

“ही कार्टी इथे काय करतायत?” टकल्या ओरडला. “ए पोरी, ऊठ त्या पेटीवरून.”

“उठले तर ओकेन,” विन्का म्हणाली. “तुमच्यावर.”

तो दोन पावलं मागे सरला.

“कसे आले फोटो, काका?” निक्शाने गोड आवाजात विचारलं. “दाखवा ना!”

“कॅमेरा... खाली पडला.”

“अरेरे! तोन्का मस्त बुडी मारते. काढून देईल!”

“काही नको!” दुसरा माणूस घाईघाईने म्हणाला. त्याने शिडीकडे एक नजर टाकली आणि त्याचा चेहरा उतरला. “लुकशा, चल, नांगर उचल. निघू या.”

मामाने तिघांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. तो पुढे गेला आणि साखळी ओढू लागला. ओली साखळी वळसे घेत त्याच्या पायाशी पडत होती. मग ती जड झाली. त्याने जोर लावला, आणि पिशवी वर आली. जाळीतून पाणी गळत होतं. शिंपल्यांना दगडाचा पांढरा चुरा चिकटला होता.

“हे आमचं नाही,” टकल्या लगेच म्हणाला.

“कोणी विचारलं?” निक्शा म्हणाला.

मामाने पिशवी खाली ठेवली. खूप हळू ठेवली. “मला वाटायचं, साखळी वाजतेय,” तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

“वारा पडलेला असताना साखळी वाजत नाही, मामा,” तोन्का म्हणाली. “हे तूच मला शिकवलंयस.”

मामा तिच्याकडे बघत राहिला. कालपासून पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत.

त्याच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर पाश्कोचं नाव होतं. टकल्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. “उचल ना,” तो म्हणाला. “तो समजावेल तुला. पिशवी पाण्यात सोड, पोरांना आईस्क्रीम घेऊन दे. कोणी काही बघितलं नाही. लग्नाचा साक्षीदार आहे ना तुझा?”

फोन वाजत राहिला. तोन्काला वाटलं, आता मामा म्हणणार, बघू.

मामाने फोन बंद केला.

“ही कोणाची अक्कल?” त्याने साखळीतल्या आकड्याकडे बोट दाखवलं.

“माझी,” तोन्का म्हणाली. “आवाज विन्काने ऐकला. पेटीचं कोडंही तिचंच. निक्शाने वल्हवलं, एकदाही वल्ह्याचा आवाज होऊ न देता.”

“हुशार आहात,” मामा म्हणाला. त्याने विन्काच्या घामट डोक्यावर हात ठेवला, निक्शाच्या खांद्यावर थोपटलं. “मी चाळीस वर्षं समुद्रावर आहे. इतकी नीट नजर आणि इतका नीट कान माझ्या बोटीवर कधी आला नव्हता.” मग तो तोन्काकडे वळला. “घाबरलीस?”

“तुझी भीती वाटली,” ती म्हणाली. “तू त्यांच्यातला असशील म्हणून.”

मामा सुकाणूजवळ गेला आणि त्याने रेडिओचा माइक हातात घेतला.

“लुकशा, डोकं ठिकाणावर आहे ना?” टकल्या ओरडला. “परवाना तुझा जाईल, आमचा नाही! बोट तुझी आहे!”

“आहे खरी,” मामा म्हणाला. बटण दाबल्यावर त्याने एकदा घसा खाकरला आणि मग एकेक शब्द सुटा करत तो बोलला.

“बंदर-कचेरी, बंदर-कचेरी. ‘सिपा’वरून लुकशा बोलतोय. बहिऱ्या खाडीत कडा फोडून काढलेले शिंपले माझ्या बोटीवर आहेत, आणि ते काढणारी माणसंही. पाठवणारा पाश्को आहे. आणणारा मी. धक्क्यावर माणसं उभी करा, मी सगळ्यांना घेऊन येतोय.”