डॉटचं वजन

"सत्तेचाळीस!" व्हॅलरीबाई माइकमध्ये ओरडल्या, आणि बोलिंग क्लबात दोन माणसं उभी राहिली.

एक मी. दुसरा खिडकीजवळचा... उंच, उन्हाने रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात बांधलेली एक सडपातळ काळी कुत्री काचेतून आम्हा दोघांकडे बघत होती. पुढे जे झालं त्याची एकमेव साक्षीदार तीच, आणि पुरावाही तीच.

"रंग कुठला, व्हॅल?" त्याने विचारलं.

दर शुक्रवारी क्लबात मांसाच्या ट्रेची सोडत निघते. गुलाबी आणि हिरव्या अशा दोन वह्यांतली तिकिटं विकली जातात, आणि नंबराआधी रंग पुकारायचा हे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या सगळ्या नरँडेरा गावाला ठाऊक असतं. व्हॅलरीबाई बावीस वर्षं पुकारतायत. पण त्या संध्याकाळी त्यांनी निघालेलं तिकीट बिअरच्या ओल्या ग्लासाखाली ठेवलं होतं. उचललं तेव्हा नंबर शिल्लक होता, रंग ग्लासाला लागला होता.

"पांढरं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पांढरं सत्तेचाळीस कुणाकडे आहे?"

"लग्न लावून टाक त्यांचं, व्हॅल!" बारवरून कुणीतरी ओरडलं. "ट्रे एकत्रच राहील!"

सगळा क्लब हसला. मीही हसले. हसणं मला पूर्वीपासून जमतं.

तो माझ्या टेबलाशी आला. हातात ट्रे... चॉप्स, सॉसेज, मेंढीची एक मांडी. "हिचे दोन तुकडे करायला माझा हात नाही धजणार," तो म्हणाला. "रविवारी दुपारी माझ्याकडे या. मी शिजवतो, तुम्ही खा."

"तुम्हाला शिजवता येतं?"

"चोवीस जणांचं पोट भरतो. लोकर कातरणाऱ्या टोळीचा आचारी आहे मी. गस."

"मेरिन. सायलोवर असते, धान्याच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर."

"बाप रे. म्हणजे तुमच्यापुढे खोटं चालत नसणार."

"वीस किलोच्या आतलं आमच्या काट्याला कळत नाही," मी म्हणाले. "तेवढं चालून जातं."

तो हसला. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचा एक पंखा उघडला आणि मिटला. मी रविवारला हो म्हटलं. त्या पंख्यापुढे दुसरं काय म्हणणार होते?

आता खरं सांगायचं तर मला त्या ट्रेचा काडीचा उपयोग नव्हता. तिकीट मी एवढ्यासाठी घेतलं होतं की घेतलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं. चौदा महिन्यांपूर्वी मी वॅगाच्या इस्पितळात जाऊन पोटाच्या तोंडाशी सिलिकॉनचा एक पट्टा बसवून घेतला होता. कातडीखाली एक बटण असतं. त्यात सुईने मिठाचं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. घास वाटाण्याएवढा घ्यायचा, वीस वेळा चावायचा, काटा खाली ठेवायचा, मिनिटभर थांबायचं. जेवताना पाणी नाही. ताटली लहान मुलाची. पाव आणि मांस यांच्याशी शक्यतो ओळख ठेवायची नाही. घास अडकला तर आधी छातीत कुणीतरी मूठ आवळतं, मग तोंडाला पाणी सुटतं, भुकेचं नव्हे, आणि मग बाथरूमपर्यंत पोचायला साधारण चाळीस सेकंद मिळतात.

गावात मी सांगितलं होतं, पित्ताशयाचे खडे काढले. कारण यापूर्वी एकदा मी पावडरच्या दुधावर अठरा किलो उतरवले होते आणि ते परत कधी चढतात यावर क्लबात पैजा लागल्या होत्या. व्हॅलरीबाई जिंकल्या.

या खेपेला एकतीस गेले. मला वाटलं होतं, एवढे गेले की खाली एखादी नवी बाई सापडेल. सापडले ते मीच. फक्त कपडे सैल.

*

पहिल्या रविवारी गसने ती मांडी रोजमेरी लावून भाजली होती. त्याच्या मागच्या अंगणात, मिरीच्या झाडाच्या सावलीत टेबल. चाळीसच्या वर तापमान. नरँडेरात प्रेमाने पावसासाठी अडून बसायचं ठरवलं असतं तर इथे कुणाचीच लग्नं झाली नसती.

त्याने माझ्यापुढे ताटली ठेवली. ताटली कसली, ट्रकचं चाक. मग समोर बसून, हनुवटीखाली मूठ ठेवून, तो माझ्याकडे बघत राहिला.

"असं बघितल्यावर कुणी कसं जेवणार?"

"सवय आहे. टोळी कधी सांगत नाही कसं झालंय ते. मी उष्ट्याची बादली बघतो. माणसं खोटं बोलतात, बादलीला ते जमत नाही."

मी पहिला घास घेतला. वीस वेळा चावला. त्याचे डोळे करडे होते आणि त्यांत एवढी आशा होती की मी सतराव्या वेळीच गिळला.

मूठ आवळली.

"मीठ आणता का जरा?" मी कसंबसं म्हणाले. तो आत गेला, मी कुंपणाच्या झुडपाशी गेले, परत आले. ताटली तशीच भरलेली. तेवढ्यात गुडघ्याला काहीतरी ओलं लागलं. क्लबाबाहेरची ती गसची काळी कुत्री. डॉट. तिच्या डोळ्यांतही आशाच होती, पण तिची पुरी करणं माझ्या हातात होतं.

गस मीठ घेऊन आला तेव्हा ताटलीत फक्त हाड होतं.

मिठाची डबी त्याने टेबलावर ठेवली. ताटली उचलून उन्हाकडे धरली, जणू काच स्वच्छ आहे का बघतोय, आणि कानापर्यंत लाल झाला. मोठ्या माणसाला असं लाल होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्यामुळे तर नक्कीच पहिल्यांदा.

तिथेच सांगायला हवं होतं. पण एखाद्याला एवढं खुश केल्यावर लगेच... नाही जमलं.

दुसऱ्या रविवारी सॉसेज. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि मटण करी. चौथ्या रविवारी त्याने माझ्या गालाला लागलेलं पीठ अंगठ्याने पुसलं आणि अंगठा तिथेच विसरला.

"मेरिन, तू जेवतेस छान," तो हळूच म्हणाला. "हल्ली बायका नुसतं चिवडतात."

टेबलाखाली डॉट तिचं काम चोख करत होती.

पाचव्या रविवारनंतर मी वॅगाला गेले. नर्सबाई सुई घेऊन तयार.

"थोडं पाणी काढता का? सैल करायचंय," मी म्हणाले. "जेवायचंय मला. एका माणसासमोर."

"जेवशील की."

"आणि वजन?"

"येईल परत. पत्ता ठाऊक आहे त्याला." त्या वाईट नव्हत्या, फक्त अनुभवी होत्या. "त्या माणसाला सांगितलंस का?"

मी शर्ट खाली ओढला आणि निघाले. मग गाडीत बसून आइस्क्रीमचा अख्खा डबा संपवला. आइस्क्रीमला पट्टा कधी अडवत नाही, ते घसरत सरळ आत जातं. ऑपरेशनवाल्यांनी सगळ्याचा विचार केला, एवढं राहून गेलं. डबा संपला तेव्हा मी मोठमोठ्याने रडत होते आणि शेजारच्या गाडीतले आजोबा, मी घोड्यांच्या रेसमध्ये पैसे हरले असेन अशा समजुतीने, खिडकीतून सहानुभूती दाखवत होते.

बारीक असले तर खोटी. खरी व्हायचं तर जाड. तिसरं दार शोधायचा प्रयत्न मी केला. सापडलं नाही.

*

आठवा रविवार. मार्चचा शेवट, ऊन जरा उतरलं होतं. ताटल्या गसने अजून वाढल्या नव्हत्या.

"काल डॉटला डॉक्टरकडे नेली. सोळाची एकवीस झालीय."

"एकवीस काय?" आयुष्यभर किलो मोजत आलेल्या बाईने हा प्रश्न विचारला.

"किलो. डॉक्टर म्हणाली, असंच चाललं तर मागचे पाय जातील. मी तर मोजून दोनच कप घालतो. कोण चारतंय, सांग? मॉरी! कुंपणापलीकडचा! काल सगळ्या गल्लीसमोर झापला त्याला. म्हटलं, म्हाताऱ्या, माझी कुत्री मारतोयस तू. तो नाही-नाही म्हणत राहिला. आणि मग..." गसने कपाळ चोळलं. "रडला गं तो. ब्याऐंशी वर्षांचा माणूस."

मी क्षणभर विचार केला: मॉरी ब्याऐंशीचा आहे, असं किती वर्षं सोसावं लागणार त्याला? लिहिताना लाज वाटते. पण आला मनात.

"मॉरी नाही," मी म्हणाले. "मी."

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

मी त्याचा हात धरला. आठ रविवारांत पहिल्यांदा मीच धरला. आणि बरगड्यांखाली, शर्टावरून, त्या बटणावर ठेवला. "हे लागतंय हाताला? याला पट्टा जोडलाय. आत. मला घास जात नाही, गस. मांस तर नाहीच."

त्याचा हात तिथेच होता. गरम, जड. असा हात पोटावर यावा म्हणून मी एकतीस किलो उतरवले होते आणि तो आला तो असा.

"कधीपासून?"

"सोळा महिने."

"ते नाही. माझ्याशी. कधीपासून?"

"पहिल्या घासापासून."

त्याने हात काढून घेतला. रागाने नाही, तापल्या भांड्यावरून काढावा तसा.

"टोळीला माझं जेवण आवडलं नाही तर हात वर करून मत घेतात," तो म्हणाला. "दोनदा काढलंय मला. भर दुपारी, भांड्यांसकट. झोंबतं, पण तोंडावर सांगतात. तू हसत होतीस."

"तुझं जेवण आवडत होतं मला."

"तुला कसं ठाऊक?"

मी टेबलावरची एक रिकामी ताटली जवळ ओढली. 

"रिकामी ताटली बघून तू इतका..."

"ताटलीचं काय घेऊन बसलीस? ताटल्या मी वर्षाला हजारो धुतो. मला वाटायचं, तू..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आयुष्यातला एवढा एक घास मी त्या दिवशी अख्खा गिळला.

"सांगायला भीती वाटायची," मी म्हणाले. "आधी जास्त खाते म्हणून लपवायचे. आता कमी खाते म्हणून. बाकी सगळं उतरलं, गस. लपवणं तेवढं एक ग्रॅमही उतरलं नाही."

त्याने हॅट डोक्यावर ठेवली. "मॉरीची माफी मागून येतो."

कुंपणापलीकडून आवाज आले. आधी त्याचा, मग म्हाताऱ्याचा, मग बाटल्यांची झाकणं उघडल्याचा. मी तासभर बसले. ताटल्या धुतल्या, खरं तर त्या स्वच्छच होत्या, आणि घरी आले.

*

बुधवारी सकाळी माझ्या फाटकाला डॉट बांधलेली होती. गळ्यात पत्र्याचा कप, शेजारी खाण्याची पिशवी आणि चिठ्ठी. 'टोळीबरोबर क्वीन्सलँडला चाललोय. तिथे हिला चोवीस जण चारतील. रोज दोन कप, वर काही नाही. जूनअखेर ट्रकवाला येऊन हिला घेऊन जाईल. मी त्या बाजूलाच राहीन बहुतेक. गस.'

खाली, जरा वेगळ्या शाईने: 'तुझ्याइतकं मोजणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.'

हे वाक्य कौतुक आहे की टोमणा, हे मी एप्रिलभर ठरवत होते.

डॉटला कपात मोजून मिळणं मान्य नव्हतं. चार सेकंदांत वाडगा रिकामा, आणि मग माझ्याकडे अशी नजर की गेल्या जन्मी मी तिची थकबाकी ठेवली असावी. मॉरी संध्याकाळी तिला भेटायला यायचा. हात वर करून, रिकामे आहेत हे दाखवत यायचा.

"तू पण खातेस का नाही काही, पोरी?" त्याने एकदा विचारलं.

"पट्टा आहे पोटात," मी म्हणाले. इतकं सोपं वाक्य. शुक्रवारी क्लबात व्हॅलरीबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. खडे काढून कुणाचे एकतीस किलो उतरतात?" सगळ्यांना ठाऊक होतं. एका माणसाला सोडून.

त्या पहिल्या ट्रेमधली एक चॉप अजून माझ्या फ्रीजरमध्ये होती. 'तुझ्या वाट्याची,' म्हणून त्याने पहिल्याच रविवारी बांधून दिली होती. जूनच्या पहिल्या रविवारी मी ती काढली, भाजली, लहान ताटलीत घेतली. घास. वीस वेळा. काटा खाली. मिनिट. डॉट पायाशी होती, पण मी हात टेबलावर ठेवला. दोघींचीही परीक्षा होती.

पन्नास मिनिटं लागली. तीन घास गेले, चौथा अडकता अडकता राहिला. बाकीची चॉप थंड होऊन तिथेच पडली. आणि त्या तीन घासांत... मीठ, रोजमेरी नाही, जरा करपलेली चरबी... चव लागली. म्हणजे आता निदान मला ठाऊक होतं, त्याने बांधून दिलेली चॉप कशी लागते.

मी ताटलीचा फोटो काढला. उरलेल्या चॉपसकट. आणि त्याला पाठवला. खाली एवढंच लिहिलं: 'हे उरलं.'

तो होता तिथे फोन लागत नाही, हे मला माहीत होतं. एक दिवस, तीन दिवस, आठ दिवस. मी वजनकाट्यावर बसून ट्रक मोजत राहिले: भरलेले आत, रिकामे बाहेर. डॉट अठरावर आली. मी तिला सांगितलं, शाबास. तिला काही वाटलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी फोनवर त्याचा मेसेज आला. येतो असं नव्हतं. आठवण येते असंही नव्हतं. माफ केलं, हे तर नाहीच. त्याने फोटो मोठा करून, नीट, टोळीची बादली बघतो तसा पाहिला असणार. कारण लिहिलं होतं फक्त...

'तुकडे मोठे कापलेस. हाडाच्या बाजूने सुरी धर, आणि याच्या अर्धे काप.'

घरी येताना मी एक चॉप विकत घेतली. हाडाच्या बाजूने सुरी धरली. अर्धे कापले, मग त्याचेही अर्धे. डॉट शेपटी न हलवता बघत होती.

जूनअखेरीला अजून बारा दिवस होते.