उत्तरेचा कुड

नोव्हेंबरातली गोष्ट. अँब्रोज केरिज सायकलला शिडी बांधून मिसेस पास्क यांच्या शेतघरी निघाला, तेव्हा रस्त्यावर धुकं इतकं होतं की त्याला स्वतःचंच पुढचं चाक नीट दिसत नव्हतं. काम साधंच होतं. उत्तरेकडच्या भिंतीचे वरचे तीन कुड पावसाने ढासळले होते, ते लिंपायचे.

सफोक परगण्याच्या त्या भागात अशी घरं पुष्कळ. ओकचे खांब, ओकच्या तुळया, सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी जखडलेले, आणि चौकटीच्या मधल्या रिकाम्या जागेत फोकांचा कुड विणून त्यावर माती, शेण नि पेंढ्याचा लेप. मिसेस पास्कचं घर चारशे वर्षांचं. तळ्याच्या बाजूला एवढं कललेलं की पहिल्यांदा येणारा माणूस नकळत मान तिरकी करायचा.

पण कुड लिंपणं एकट्याचं काम नव्हे. एकाने बाहेरून मातीचा गोळा दाबायचा, दुसऱ्याने नेमका त्याच जागी, त्याच वेळी आतून. नाहीतर फोक वाकतात आणि माती पलीकडे गळून पडते. तीस वर्षं आतल्या बाजूला अँब्रोजचा धाकटा भाऊ रुबेन असायचा. मार्चमध्ये रुबेन गेला. तेव्हापासून अँब्रोजने एकही भिंत घेतली नव्हती. ही घेतली ती मिसेस पास्कनी तीनदा निरोप धाडला म्हणून.

"एकटेच आलात?" त्यांनी दारातच विचारलं.

"दुसरं कोण येणार, बाई?"

"मला नका सांगू आत उभं राहायला. त्या टोकाला मी झाडूसुद्धा मारत नाही."

तिकडचा माडीचा तळ त्यांच्या सासऱ्यांच्या काळातच कोसळला होता. जमिनीपासून थेट छपरापर्यंत नुसती अंधारी पोकळी. मोडका कुड होता दोन पुरुष उंचीवर. अँब्रोजने खाली उभं राहून वर पाहिलं आणि ठरवलं, बाहेरूनच हलक्या हाताने दाबू, जेवढं टिकेल तेवढं टिकेल. मिसेस पास्कनी घराला कुलूप लावलं आणि त्या बसने बाजाराला गेल्या.

पहिला गोळा त्याने भीत भीतच दाबला. फोक वाकले नाहीत.

त्याने जरा जोर दिला. पलीकडूनही जोर आला. अगदी तेवढाच.

"बाई? गेला नाहीत का तुम्ही?"

आतून दोनदा टकटक झाली.

'बस चुकली असेल,' तो मनाशी म्हणाला. 'आणि बोलून दाखवायला लाज वाटत असेल.' आत एवढ्या उंचीवर पोचायला त्यांनी शिडी कुठून आणली, हा विचार त्याच्या मनात आलाच नाही. खरं म्हणजे त्याला तो येऊ द्यायचा नव्हता. कारण हाताला लय सापडली होती. गोळा उचल, थाप, दाब... आणि पलीकडचा तळवा त्याच क्षणी तिथे. पहिला कुड झाला. दुसरा सुरू झाला. अँब्रोज बोलायला लागला, तळ्यावरच्या बदकांबद्दल, गुडघ्याबद्दल. मग रुबेनबद्दल. रुबेन चहात चार चमचे साखर घालायचा, आणि अजूनही आपण दोन कप काढतो, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडून शब्द येत नव्हता, पण तो थांबला की पलीकडचा हातही थांबायचा. ऐकत असल्यासारखा.

चार वाजता उजेड मलूल झाला. तेवढ्यात फाटक वाजलं. टोपली घेऊन मिसेस पास्क आवारात येत होत्या.

"केरिज! अहो, कुणाशी एवढ्या गप्पा चालल्यात?"

अँब्रोजचे दोन्ही तळवे ओल्या मातीवर होते. आणि पलीकडून दाब अजून येतच होता.

दोघं कंदील घेऊन आत गेले. शिडी नव्हती. जमिनीवर मातीचं एक ढेकूळसुद्धा पडलेलं नव्हतं. वर दोन्ही कुड आतून सुरेख लिंपलेले, आणि त्यांवर तळव्यांचे ओले ठसे. अँब्रोज कंदील उंच धरून कितीतरी वेळ बोटं मोजत राहिला.

"काय बघताय?" मिसेस पास्क कुजबुजल्या.

"रुबेनच्या डाव्या हाताची करंगळी करवतीत गेली होती, बाई."

"मग?"

"इथे... सगळी बोटं आहेत."

तिसरा कुड तसाच टाकून तो घरी आला. नऊ दिवस घराबाहेर पडला नाही. दहाव्या दिवशी मिसेस पास्क स्वतः दारात आल्या.

"तुम्ही लिंपलेलं कुणीतरी उकरतंय. परवा मुठीएवढं भोक होतं, आज खांदा जाईल एवढं झालंय."

"मी येणार नाही."

"नका येऊ. पण आत माती पडत नाही, केरिज. सगळी बाहेर पडते..."

त्या गेल्यावर त्याने चहा ठेवला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग चहा तसाच ठेवून त्याने कोट चढवला.

तो पोचला तेव्हा दुपार होती, लख्ख ऊन पडलेलं. भिंतीखालच्या गवतात उकरलेली माती पेंढा घालून नव्याने मळलेली होती, आणि तिचे सारखे गोळे करून ओळीने मांडले होते. ओलेच होते.

"हे तुम्ही?"

मिसेस पास्कनी नकारार्थी मान हलवली. दार उघडून त्यांनी आत बोट दाखवलं. सफरचंदं उतरवायची, दोन माणसांशिवाय न हलणारी लांब शिडी आतल्या अंधारात, त्या भोकाखाली टेकून उभी होती.

अँब्रोजच्या सगळं लक्षात आलं. या वेळी त्याची जागा आत होती.

"नका हो जाऊ..."

"शिडी धरा, बाई."

तो वर चढला. भोकातल्या उघड्या फोकांमधून उजेडाचा पट्टा त्याच्या छातीवर पडत होता, पलीकडे तळं दिसत होतं, रिकामं आवार दिसत होतं. बाहेर कुणीही नव्हतं. त्याने बाह्या वर सारल्या आणि फोकांना तळवा लावून वाट पाहिली.

थाप पडली. गार माती फोकांतून त्याच्या बोटांपर्यंत आली, आणि त्याने नकळत, तीस वर्षांच्या सवयीने, उलटा दाब दिला.

खाली शिडी थरथरत होती. उजेडाचा पट्टा हातभर राहिला, मग वीतभर. आणि मातीच्या पलीकडून कुणीतरी हलक्या आवाजात बदकांबद्दल बोलायला लागलं.